सासुरवाडी विचारणारे अण्णा

आदरणीय सदाशिवराव मुचंडीकर, म्हणजे आम्हा सर्वांचे अण्णा, यांची आणि माझी पहिली भेट बेळगावातल्या एका कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. ते तिथे प्रोजेक्ट मॅनेजर होते. मी त्याच विषयाचा कोर्स करून प्रोबेशनवर नुकताच रुजू झालो होतो. नोकरी कायम झाली तरच माझे लग्न ठरणार होते, त्यामुळे मी गरजेपेक्षा जरा जास्तच हुशारी दाखवीत होतो.

नव्या मशीनच्या पायाचे काँक्रीट हे माझे पहिले काम. मी कॉम्प्युटरवर तारीखवार रंगीबेरंगी पट्ट्यांचा प्लॅन केला आणि अण्णांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसून तो नीट पाहिला.

"लई झ्याक दिसतंय. गवंड्यांची सासुरवाडी कुठली, इचारलास काय?"

म्हाताऱ्या माणसांना गप्पा लागतात, अशी समजूत करून घेऊन मी हसलो. अण्णांनीही हसून सही केली.

काँक्रीटच्या दिवशी सकाळी साइटवर मिक्सर होता, मी होतो आणि सिमेंटच्या पोत्यांवर झोपलेले एक कुत्रे होते. मुकादमाला फोन लावला, तर मागे हलगी कडाडत होती. "साहेब, सांबऱ्याला जत्रा हाय न्हवं! समदी गँग हितलीच जावई. तुमी बी या की जेवायला!"

मी बेळगाव शहरातल्याच शहापूरचा, त्यात बिनलग्नाचा. जत्रेला जावई गेला नाही तर वर्षभर त्याची धडगत नसते, हे माझ्या कोर्समध्ये नव्हते. तेवढ्यात मालक आले आणि त्यांचा पारा चढला. आता नोकरीही गेली आणि नवरीही, असे मला वाटले. अण्णा शांतपणे पुढे झाले. "त्याला बोलू नगासा. तारीख मीच पास केलीया."

मालक पाय आपटत निघून गेले. अण्णांनी मला स्कूटरवर बसवले आणि थेट सांबऱ्याला नेले. तिथे मुकादमाच्या सासऱ्यांकडे आम्ही पोटाला तडस लागेपर्यंत जेवलो. काँक्रीटचा विषय अण्णांनी काढलाच नाही. हात धुताना सासरेबुवाच जावयाला म्हणाले, "साहेब घरला आल्यात. उद्या आमची पोरं बी घेऊन जा सोबत." दुसऱ्या दिवशी गँगबरोबर त्यांचे मेहुणेही आले आणि मशीन येण्याआधी पाया तयार झाला. माझी नोकरी टिकली. पुढे मलाही सासुरवाडी मिळाली, तेव्हा तिथल्या जत्रेची तारीख सर्वांत आधी अण्णांनीच विचारली.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या सोहळ्याचे नियोजन माझ्याकडे आले. मी समितीतल्या प्रत्येकाची, मांडववाल्याची, अगदी आचाऱ्याचीसुद्धा सासुरवाडी विचारून घेतली आणि मोठ्या ऐटीत तारीख सांगायला अण्णांच्या घरी गेलो. अण्णांनी ऐकून मान डोलावली. त्यांच्या सौभाग्यवती, आमच्या आक्का, चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "त्या दिवशी कसं जमंल रं? माझ्या माहेरची जत्रा न्हवं!"

सगळ्यांची सासुरवाडी विचारली होती, फक्त अण्णांची राहिली होती. माझे तोंड इतकेसे झाले. अण्णांनी बशीत चहा ओतला.

"त्याला बोलू नगं गं. तारीख मीच पास केलीया."

माझे डोळे भरून आले, हे इथे सांगायला मला संकोच वाटत नाही. सोहळा आठवडाभर पुढे गेला, तो असा. अण्णांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या शंभरीची तारीख आम्ही आक्कांना विचारूनच ठरवू.