पुण्याची हवा

शेजारच्या गृहस्थांच्या मते चांगली हवा फक्त नागपूरची. मे महिन्यात लू लागू नये म्हणून खिशात कांदा घालून ते येतात आणि माझ्या कूलरसमोर बसून इतर शहरांना नावं ठेवतात. “मुंबई म्हणजे ओला टॉवेल. अन् पुण्यात ऊन कुठं असते गा? नुसता उजेड!”

पत्नी गेल्यापासून लेक मला पुण्याला बोलावते आहे, हे परवा त्यांना सांगितलं. त्यांनी खिशातला कांदा चाचपला. मग म्हणाले, “जा गा. एकटा काहून राहतो? पुण्याची हवा चांगली आहे.”

त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“नुसता उजेड घेऊन काय करू?” मी म्हणालो.

“मंग कूलरमध्ये पाणी टाक ना,” ते खुशीत म्हणाले. “केव्हाचा कोरडाच चालून राहिला.”