चौथा क्लॅम्प

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधी लिहून टाकतो. बायकोच्या मते मी तिचंही काही मानत नाही, तेव्हा भुतांनी वाईट वाटून घेऊ नये. पण आमच्या जुन्या मिलिटरी ट्रकच्या बाबतीत एकदा जे झालं ते घरच्यांना इतक्या वेळा सांगून झालंय की आता मी तोंड उघडलं की ते ताटं उचलतात. म्हणून तुम्हाला सांगतो...

आम्ही पेणचे. वडिलांनी लष्कराच्या डिस्पोजलमधून तो ट्रक घेतला होता. पुढच्या बंपरजवळ विंच — म्हणजे पोलादी वायर गुंडाळलेला मोठा ड्रम. हायवेवर कुणाची गाडी खड्ड्यात गेली की ती ओढून काढायची, हा आमचा धंदा. वडिलांनंतर तो मी आणि धाकटा भाऊ दिनू बघायचो. मी विंचचा दांडा धरून हुकूम सोडायचो. दिनू हुकाजवळ उभा राहून बाकीचं सगळं करायचा.

विंचचं खरं ज्ञान मात्र बाळाकाकांकडे. रोह्याचे, फौजेतून निवृत्त झालेले मेकॅनिक. वायरीला हुक बसवताना तिचं टोक वळवून फास करतात आणि दोन पदर क्लॅम्पने आवळतात. क्लॅम्पला एक जाड बैठक असते आणि एक यू आकाराचा बोल्ट. बैठक ओझं ओढणाऱ्या लांब वायरीवर, यू बोल्ट कापलेल्या आखूड टोकावर — हा नियम. उलटे बसवले तर ताण आल्यावर वायर चेपते, सटकते; आणि सटकलेली वायर शेजारी उभ्या माणसाचे पाय घेऊन जाते. काकांची आणखी एक सवय होती. नट आवळला की नटापासून बोल्टपर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची बारीक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट ढिला झालाय.

त्या वर्षी नेमकी गणपतींच्या आधी वायर बदलायची वेळ आली आणि काका पाय मोडून रोह्याला घरी पडलेले.

"काकांना विचारून येऊ का?" दिनू म्हणाला.

"मी आयटीआय केलंय," मी म्हणालो.

"व्हय. वेल्डिंगचं."

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि सकाळभर शेडमध्ये बसून फास केला, चार क्लॅम्प ओळीने बसवले. चारही अगदी एकसारखे. दोन पावलं मागं सरून मी ते कौतुकाने बघितलेसुद्धा. नियम मला पाठ होता. फक्त उलटा.

अडीचला शेडला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि आम्ही दोघं जेवायला घरी गेलो. जेवून हात धुतोय तोच जवळच्या जोहे गावचा एक मूर्तिकार मोटरसायकलवरून आला. जिते गावाकडे जाताना त्यांचा मूर्तींचा टेम्पो रस्त्यावरून घसरून भाताच्या शेतात कलंडला होता.

"अजून आडवा नाय झाला, पण पाऊस आला की होईल. चला हो, सगळे गणपती आत हायत!"

आम्ही धावलो. माझ्याच किल्लीने कुलूप काढलं, ट्रक बाहेर घेतला. क्लॅम्पकडे कोण बघतो!

शेताशी पोचल्यावर दिनूने हुक टेम्पोला अडकवला, वायर तुटलीच तर उसळू नये म्हणून काकांनी शिकवल्याप्रमाणे तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि हुकापासून दोन हातांवर उभा राहिला. मी विंच सुरू केली. वायर ताणली... आणि हुकाच्या बाजूने 'कट्' असा आवाज आला. वायर बोटभर सरकली. दिनूचा चेहरा मला अजून आठवतो. मग ती जागच्या जागी थांबली, घट्ट. टेम्पो हळूहळू डुलत रस्त्यावर आला.

"एका सोंडेचा टवका नाय उडाला!" मूर्तिकार रडायच्या बेतात होता.

वायर गुंडाळताना दिनू म्हणाला, "दादा, तू पिवळी रेघ कधी मारलीस?"

मी बघितलं. तीन क्लॅम्प फिरवलेले — बैठक लांब वायरीवर, जिथे हवी तिथे. नटांवर बारीक पिवळी रेघ. दिनूने अंगठा लावला तर रंग अंगठ्याला लागला, इतका ओला. आमच्या शेडमध्ये पिवळा रंगच नव्हता. चौथा क्लॅम्प मात्र रेघेविना, मी बसवला होता तसाच. त्याच्या खाली लांब वायर चेपून चपटी झालेली.

"तुझ्या हातचा हा एकच दिसतोय," दिनू म्हणाला. एरवी मी चिडलो असतो.

दुसऱ्या दिवशी एसटीने रोहा गाठलं. वायर बदलल्याचंसुद्धा काकांना कुणी कळवलं नव्हतं. काका खाटेवर, पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. मी "कसे आहात" म्हणायच्या आत त्यांनी विचारलं,

"चौथा राहिला ना रं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"काल दुपारी डोळा लागला जरा. सपनात तुझी शेड. चारी क्लॅम्प उलटे! गाढवा, वायरीशी दिनू उभा राहतो ना? शिव्या घालत घालत तीन फिरवले. चौथ्याला पाना लावला तोच हिनं गदागदा हलवलं."

"मना काय ठाऊक?" काकी आतून म्हणाल्या. "तीनचा चहा रोजच देते मी."

"तुझा चहा गो!"

मी पिवळ्या रंगाचं विचारलं. काकांनी कोनाड्याकडे बोट केलं. डब्याचं झाकण गंजून इतकं घट्ट बसलेलं की माझ्याच्याने निघेना. काकांनी मात्र त्याकडे बघितलंही नाही. "ते राहू दे. घरी जाऊन आधी चौथा फिरव," एवढंच म्हणाले.

फिरवला. त्याआधी चेपलेला तुकडा कापला आणि फास नव्याने केला. प्रत्येक क्लॅम्प दिनूला दाखवून.

हे कसं झालं, मला माहीत नाही. कुलूप शाबूत होतं, काका खाटेवरून उठू शकत नव्हते, आणि मी झोपेत चालत असेन तर ते जेवताना शक्य नाही. माझ्या डोक्यात वेगळंच घोळत राहतं — काकींनी त्या दिवशी चहा पंधरा मिनिटं आधी टाकला असता तर?

तेव्हापासून दुपारी झोपलेल्या माणसाला आमच्या घरात उठवत नाहीत. बायको म्हणते, ही मी स्वतःची सोय करून घेतलीय. असेल. दिनू आता पन्नाशीला आलाय, दोन्ही पाय धड आहेत. कुणाचा डोळा लागलेला दिसला की तो हळूच स्वयंपाकघरात जातो आणि चहाखालचा गॅस बारीक करून येतो.