तेविसाव्या मजल्याचं दार

निवृत्तीनंतर चेन्नईतल्या एग्मोरचं रेल्वे क्वार्टर सोडून मी मुलाकडे राहायला गेले. समुद्राकाठचा टॉवर, सव्विसावा मजला. लिफ्टला कार्ड दाखवलं की ती फक्त आपल्याच मजल्यावर थांबायची.

एकदा लिफ्टमध्ये मी बहिणीशी फोनवर बोलत होते, तर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझा हातच धरला. "मराठी बोलतां? आमचंहि मराठीच. तंजावरचं." जुनी, तमिळ हेलाची मराठी, पण ऐकून मला भरून आलं. त्या तेविसाव्यावर एकट्या राहत. फ्लॅट अमेरिकेतल्या मुलाच्या नावावर, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाला सोडायचं हेही तिकडून तोच ठरवायचा. मला त्याने कधी परवानगी दिली नाही. आम्ही रोज सकाळी खाली बागेत बसायचो.

एका सकाळी त्या आल्या नाहीत. फोन उचलेनात. मी सिक्युरिटीकडे गेले.

"सर हो म्हणेपर्यंत सोडता येत नाही, अम्मा."

"अहो, तुमचे सर झोपलेत! तिकडे रात्र आहे. निदान तुम्ही तरी जाऊन बघा."

"मॅनेजरना कळवतो."

मी वर आले आणि जिन्याने तीन मजले उतरले. तेविसाव्याचं दार जिन्याकडून उघडेना. थापा मारल्या, हाका मारल्या. आतून काही नाही. शेवटी मॅनेजर आले, ते माझ्या मुलाला घेऊनच.

"आई, तमाशा करू नकोस," मुलगा म्हणाला. "इथे काही नियम आहेत."

"त्या आत पडल्या असतील रे."

"त्यांचा मुलगा बघेल."

त्याने मला दंडाला धरून वर नेलं. लहानपणी हट्ट केला की मी त्याला असंच न्यायची.

संध्याकाळी अमेरिकेतून होकार आला आणि दार उघडलं. त्या न्हाणीघरात पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत जीव असावा.

"ऐकलंस?" मी मुलाला विचारलं.

"यात आपला काय दोष?" तो म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला.

आता मी मैलापूरला दोन खोल्यांत राहते. शेजारीण न विचारता आत येते, कधी कधी नको तेव्हाही येते. मुलगा नातेवाइकांना सांगतो, आईला उंची मानवली नाही. मी ते खोडून काढत नाही. त्याच्याशी बोलण्यासारखं तेवढंही उरलेलं नाही.