बाहेरून मोजलेलं चर्च

कानिफनाथ मास्तरांनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्या दिवशी आपण इंजिनिअर आहोत असं ठरवून टाकलं. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेप. कुणाकडे चहाला गेले तरी आधी दाराची चौकट मोजायचे आणि मान हलवायचे. बिचाऱ्या घरमालकाला वाटायचं, आपलं घर बांधतानाच काहीतरी चुकलं. असला माणूस गावात एकच असतो, तो आमच्या वाट्याला आला.

गावाला कलाभवन मंजूर झालं तेव्हा नकाशाचं काम अर्थातच यांनी ओढून घेतलं. दगडाबाईनं त्यांच्याकडे एकच मागणं केलं. दगडाबाई म्हणजे आमच्या भारुड मंडळाचा जीव. तिच्यामागं मी चाळीस वर्षं पेटी वाजवतोय. आता तिची सत्तरी उलटली, आवाज बारीक झाला, आणि माईक धरला की तिचे हात अडकतात, सोंग उभं राहत नाही.

"मास्तर, आपल्या चर्चावानी बांदा," ती म्हणाली. "ल्हानपनी नाताळाला मी तिथं गायले हुते. हळू गायलं तरी पार मागं ऐकू जातं. हा आवाज हाय तवर मला अजून एकदा तसं गायचंय."

मास्तरांनी हे मनावर घेतलं. आठ दिवस त्या जुन्या चर्चला प्रदक्षिणा घातल्या. कमानी मोजल्या, मनोरा मोजला, पायऱ्या मोजल्या, दगडांचे फोटो काढले. चर्चची देखभाल करणारे आमोसभाऊ रोज कुलूप काढून म्हणायचे, "मास्तर, आत या की." यांचं रोज तेच, "नको, इथून दिसतंय सगळं." दिसतंय डोंबलाचं! आत जाताना कुणी पाहिलं तर भावकी काय म्हणेल, ही खरी भीती. यांना चर्च मोजायला चालत होतं, आत पाऊल टाकायला नव्हतं.

उद्घाटनाला लोक इमारत बघून गार पडले. तशाच कमानी, तसाच मनोरा. शिंगणापूरला निघालेल्या गाड्या थांबून विचारत होत्या, हे कुठलं देवस्थान झालं म्हणून. मास्तर फेटा बांधून पहिल्या खुर्चीत बसले होते. दगडाबाई गायला उभी राहिली. वर नुसता पत्रा, खाली गुळगुळीत फरशी. एकेक शब्द तीनदा फिरून यायचा आणि पुढच्या शब्दावर पडायचा. तिसऱ्या ओळीला मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, काय बी कळंना." ती थांबली. चाळीस वर्षांत ती गाताना मधेच थांबलेली मी पाहिली नव्हती. मला मास्तरांचा फेटा उपटावासा वाटला.

ती खाली उतरली आणि आमोसभाऊंना म्हणाली, "चावी हाय का?"

निम्मं गाव तिच्यामागं चर्चकडं निघालं. आत दगडी भिंती आणि वर जुन्या सागवानी फळ्यांचं छत. तिनं पहिल्यापासून भारुड धरलं. शब्द न् शब्द दारापर्यंत येत होता, तिनं घेतलेला दमसुद्धा. मास्तर दारातून मान लांब करून वर बघत होते. "वर लाकूड हाय व्हय," ते पुटपुटले. आठ दिवस मोजून हा शोध.

त्यांना चार शब्द सुनावावेत म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात आमोसभाऊ बाहेर आले.

"पेटीबिगर गातीया ती," ते मला म्हणाले. "आता तरी आत या."

पेटी माझ्या खांद्यावर तशीच होती. मी मास्तरांच्या शेजारी, पायरीवरच उभा होतो.