नात्याचा रकाना

चाळींच्या पुनर्विकासात पात्रतेच्या फायली तपासण्याचं काम माझ्याकडे होतं. कार्यालय दादरला, चाळी लालबाग-परळच्या. खोलीचे कागद पाहायचे, माणूस तिथे सलग राहिला आहे का याची खात्री करायची आणि शेरा मारायचा. पात्र ठरला तर नव्या इमारतीत घर. अपात्र ठरला तर खोली रिकामी करायची.

त्या वर्षी कार्यालयात आचारसंहिता लागू झाली. सगळ्यांना पुस्तिका वाटली, सभागृहात उभं राहून शपथ झाली. पुस्तिकेसोबत एक फॉर्म होता. फाइल नातेवाइकाची असेल तर तो भरायचा आणि फाइल दुसऱ्या टेबलावर सोडायची. मागच्या बाजूला नातेवाइकांची यादी छापली होती. आमच्या स्वतःच्या खोलीची फाइल मी याच नियमाने सोडली. आई यादीत होती. ती पात्र ठरली.

महिनाभराने काकीची फाइल आली. काकी म्हणजे भिंतीपलीकडच्या खोलीतली. आई परळच्या एका हॉस्पिटलात आया होती, त्यामुळे शाळा सुटली की मी काकीकडे. दहा ओळी शुद्धलेखन लिहिल्याशिवाय ती ताट वाढत नसे. सातवीपर्यंत हे चाललं.

फायलीत एक अडचण होती. मुलीच्या बाळंतपणासाठी काकी कल्याणला गेली, तेव्हा जावयाने तिचं नाव तिकडच्या रेशनकार्डावर चढवलं. काकी चार महिन्यांत परत आली, नाव परत यायला तीन वर्षं लागली. कागदावर ती तीन वर्षं चाळीत नव्हती. वीजबिल वारलेल्या नवऱ्याच्या नावाने येत होतं. अशा वेळी लगतच्या शेजाऱ्याचा जबाब चालतो. तिच्या एका बाजूला जिना होता, दुसऱ्या बाजूला आम्ही. आईने जबाब दिला होता.

शेजारी यादीत नव्हते. तरी मी फॉर्म भरला. नात्याच्या रकान्यात लिहिलं : नातेवाईक नाही, लहानपणी सांभाळ केला. साहेबांनी तो दोनदा वाचला. यादीत बसत नाही तर भरतोस कशाला, असं त्यांनी विचारलं. शंका असेल तर जाहीर करावं, असं पुस्तिकेत आहे, असं मी सांगितलं. त्यांनी सही केली.

फाइल माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारी बाईंकडे गेली. त्या काटेकोर होत्या. माझा फॉर्म त्यांनी फायलीला लावला आणि त्याच आधारे आईचा जबाब बाजूला ठेवला. हितसंबंध जाहीर केलेल्या कर्मचाऱ्याच्या घरातला साक्षीदार चालत नाही. दुसरा शेजारी नव्हता. शेरा पडला : अपात्र. त्यांच्या जागी मी असतो तर तोच शेरा मारला असता.

चाळीच्या दारावर पात्र-अपात्रांची यादी लागली; काकीच्या नावापुढे कारण म्हणून माझ्या फॉर्मचा उल्लेख होता. आईने फोन करून सांगितलं. रविवारी मी गेलो. काकी दाराशी तांदूळ निवडत बसली होती.

"माझ्याबद्दल काय लिहिलंस रे?"

"तू मला सांभाळलंस, असं."

"मग खोटं नाय ते." तिने सुपातला खडा काढून टाकला. "आणि मी हयच रवत होतंय, ता नाय लिहिलंस?"

"त्याला रकाना नव्हता, काकी."

तिने सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, अपिलाचा अर्ज तरी लिहून देशील का. अपिलासाठी तीस दिवस होते. फॉर्म भरल्यावर तुझ्या फायलीतलं काहीच मला लिहिता येणार नाही, असं मी सांगितलं.

"दहाच ओळी लिही म्हणतंय," ती म्हणाली.

मी चहा घेऊन निघालो. अर्ज तिने कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून करून घेतला. मुदतीत दिला. पोच मिळाली. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.

दिवाळीनंतर आचारसंहितेचं प्रशिक्षण झालं. मी दुसऱ्या रांगेत होतो. फॉर्म कसा भरावा, याचा नमुना म्हणून प्रशिक्षकांनी पडद्यावर माझाच फॉर्म दाखवला. यादीत नसलेलं नातंही या कर्मचाऱ्याने स्वतःहून जाहीर केलं, असं ते म्हणाले. सहकारी बाईंनी वहीत मुद्दा उतरवून घेतला. फॉर्म हाताने भरलेला होता. माझ्या आणि काकीच्या नावावर काळी पट्टी होती. अक्षर दिसत होतं.