आखणीबाईंची वीज

आखणीबाईंना फुंकर मारायची भारी खोड. चहावर, चष्म्यावर, कॉम्प्युटरवरच्या धुळीवर, कशावरही. जोहे गावात वडिलांच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखता आखता लहानाच्या मोठ्या झाल्या, ओला रंग फुंकून वाळवायची सवय तिथलीच. नावही त्यावरूनच पडलं. पीएच.डी. झाली तरी खोड काही गेली नाही.

रोह्याच्या एका औषध कंपनीत मी त्यांच्या हाताखाली होते. हृदयाच्या पेशींतली वीज सुई न टोचता, नुसत्या उजेडावरून ओळखायची, हे आमचं काम. एका अणूच्या जाडीचा अर्धवाहक पापुद्रा काचेवर बसवायचा आणि त्यावर पेशी वाढवायच्या. पेशीत वीज उसळली की पापुद्र्याची चमक बदलते. एकदा काचेवर उचलून घेण्याआधी पाण्यावर तरंगत ठेवलेल्या पापुद्र्यापाशी बाईंना धुळीचा कण दिसला आणि त्यांनी सवयीनं फुंकर मारली. महिन्याची मेहनत क्षणात चुरगळली. मी रडकुंडीला आले. बाई म्हणाल्या, "सोंड तुटली तर आमच्यात नवी लावतात, रडत नाय बसत. ऊठ गो." त्यानंतर त्या दोन-दोन मास्क लावून कामाला बसायच्या.

पुढे चमक लुकलुकताना दिसली, पण कंपनीच्या साहेबांना पटेना. "पेशी आकसतात, पापुद्रा ओढला जातो, म्हणून चमक हलते. ही वीज कशावरून?" शंका रास्त होती. पुढच्या बैठकीत पुरावा दिला नाही तर काम बंद होणार होतं, आणि बाईंची सगळी वर्षं पाण्यात.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. "हलण्यानं चमकतंय म्हणतात ना? मग हलणंच थांबवू."

बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर पेशींवर एक औषध सोडलं. त्यानं पेशींचं आकसणं थांबतं, वीज चालू राहते. पडद्यावर पेशी निपचित पडल्या. शेजारचा चमकेचा आलेख मात्र त्याच ठेक्यात उसळत राहिला. साहेबांनी वीज रोखणारं औषधही टाकायला लावलं. आलेख सपाट झाला. "पटलं," साहेब म्हणाले. मला तर टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं.

बाई पुढे बंगळुरूला गेल्या. आज आमच्याकडे हृदयाचं प्रत्येक नवं औषध आधी त्यांच्या पापुद्र्यावर तपासलं जातं. मला अजून आठवतो तो बैठकीनंतर त्यांनी जोह्याला वडिलांना केलेला फोन.

"बाबा, वीज दिसली."

"तुमच्याकरं हाय व्हय? इकरं सकालपासून नाय."

बाई हसता हसता रडायला लागल्या. "हाय बाबा," त्या म्हणाल्या, "आमच्याकरं हाय."