भाऊजींचा राहिलेला पेपर

माणसं कशानेही मरत असतील. साप चावून, वीज पडून, उसाच्या ट्रॅक्टरखाली येऊन. पण आमच्या धाकट्या भाऊजींना विचाराल तर जगात माणूस मरतो तो एकाच कारणाने, आणि ते म्हणजे आत उघडणारं दार. आग लागली, माणसं पळत सुटली, दाराशी रेटारेटी झाली आणि दार आत उघडणारं निघालं की कारभार आटोपलाच, असं ते कुणाच्याही घरी पाण्याचा तांब्या हातात घेता घेता सांगतात. आता घनसावंगीत कुणाच्या घरातून शंभर माणसं एकदम दाराकडे पळत सुटणार आहेत? आधी ती घरात मावली तरी पाहिजेत! हे मी त्यांना रोज ऐकवलं. उपयोग शून्य. शेवटी आमच्या न्हाणीघराचं दार त्यांनी स्वतःच्या हाताने उलटं बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी ऊन पाण्याची बादली घेऊन तिकडे निघाले, तर आतून भाऊजीच ते दार धाडकन उघडून बाहेर आले. मामंजींच्या कपाळाला हे टेंगूळ आलं आणि पाणी अंगणभर झालं. "आमच्या बापाच्या पालाला दारच नव्हतं," मामंजी कपाळ चोळत म्हणाले. "जल्मभर मेंढरं राखली, उघड्या रानात निजला, अन् म्हातारा होऊन मेला. तुमची दारं तुम्हालाच लखलाभ!"

भाऊजी म्हणजे माझे दीर. चांगले शिकलेले आर्किटेक्ट आहेत हो. संभाजीनगरला कॉलेज केलं, इथला परवाना मिळवला, आणि कुठल्याशा परदेशी ऑफिसचे नकाशे घरी बसून काढू लागले. तोवर सगळं बराबर चाललं होतं. मग तिथल्या साहेबाने सांगितलं, आमच्या देशाचा परवाना काढ, तुला इकडेच बोलावून घेतो. झालं, आमच्या घराला साडेसाती लागली. त्या परवान्याचे पेपर काय एक-दोन होते? पण गड्याने एकेक करत सगळे सोडवले. राहिला एकच, इमारतींच्या नियमांचा, आणि तो काही केल्या सुटेना. वर त्याला मुदत. मुदतीत हा सुटला नाही तर आधी पास झालेलेसुद्धा वाया जायला लागणार, पुन्हा पहिल्यापासून सगळं. त्यामुळे त्या एका पेपरने भाऊजींना पछाडलं होतं आणि भाऊजींनी आम्हाला.

अभ्यास तरी कसला! मे महिना, बाहेर चप्पल डांबराला चिकटतेय, लाइट गेलेली, आणि भाऊजी बनियनवर बसून, घामाने निथळत, छपरावर बर्फ किती साचेल याचा हिशेब करत असत. "वहिनी, बर्फाचं वजन लई बेकार असतं बरं का," असं मला सांगायचे. मी म्हणायची, "भाऊजी, तुमचा बर्फ राहू द्या, टाकीत पाणी चढलं का तेवढं बघून या." टाकी बघायला जायचे ते जिन्याच्या पायऱ्या मोजत बसायचे. आमचा जिना त्यांच्या मते गुन्हा आहे, कारण एकही पायरी दुसरीसारखी नाही. अहो, पण त्या जिन्यावरून घरातलं कुणी आजवर पडलेलं नाही. पडले ते एकटे भाऊजी, तेही मोजताना.

वाटूरला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. इकडे अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि आमचा नवरदेवाच्या वयाचा दीर कुठे, तर मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी. तिथे खुर्च्यांची थप्पी लावून दार बंद केलेलं. भाऊजींनी मॅनेजरला धरलं. "आग लागल्यावर हे लोक कुठून निघायचे, सांगा बरं?" शर्ट इन केलेला, हातात टेप, त्यामुळे मॅनेजरला वाटलं, तपासणीला साहेब आलाय. त्याने खुर्च्या हलवल्याच, वर भाऊजींना वेगळं टेबल लावून जिलेबी वाढली आणि टॉवेल-टोपी देऊन सत्कार केला. टोपी घालूनच स्वारी मांडवात आली. मला तर जमीन दुभंगावी असं झालं होतं.

पेपर घरूनच द्यायचा असतो, खोलीत एकट्याने, कॅमेऱ्यासमोर. भाऊजींनी आठवडाभर आधीपासून सगळ्यांना बजावलं होतं: खोलीत कुणी यायचं नाही, हाक मारायची नाही, तिकडून माणूस बघत असतो, दुसरं कुणी दिसलं की पेपर तिथेच बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंना शंका वेगळीच. परीक्षेला निघणाऱ्याच्या हातावर दही द्यायचं, तर हा निघतो कुठे? "आई, मी कुठं जाऊन राह्यलो? इथंच तर बसतो."

"निघाल्याबिगर दही कसं देऊ? न्हाई, न्हाई, शास्त्र हाये ते."

मग भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून पुढच्या दाराने निघाले. दही खाल्लं, आईच्या पाया पडले, घराला वळसा घातला आणि मागच्या दाराने आत आले. शेजारीण म्हणाली, "कुठं निघाला रं?" भाऊजी म्हणाले, "परीक्षेला." "मंग घरात काहून चालला?" तिला उत्तर द्यायला कुणाला सवड होती!

पेपर अर्ध्यावर आला असेल. मी स्वयंपाकघरात होते. सासूबाई देवघरातून उठल्या, शांतपणे चालत गेल्या, खोलीचं दार लोटलं आणि पिंपळगावच्या रेणुकाईचा अंगारा लेकाच्या कपाळाला लावला. कॅमेऱ्यासमोर! पेपर बंद. भाऊजी कपाळावर अंगारा घेऊन बाहेर आले आणि ओट्यावर बसले. त्या दिवशी त्यांनी पायऱ्या मोजल्या नाहीत की दाराला नावं ठेवली नाहीत, आणि ते मला बिलकुल बघवलं नाही. पुढची तारीख मिळाली ती मुदत संपायच्या तोंडावरची. आता ही शेवटचीच संधी होती.

माझा राग काही जाईना. एका दुपारी सासूबाई आणि मी तूर पाखडत होतो, तेव्हा मी म्हणालेच, "आत्याबाई, भाऊजींनी तुम्हाला दहा वेळा सांगितलं होतं ना, आत यायचं नाही म्हणून?"

"माहीत होतं मला," त्या सुपातून नजर न काढता म्हणाल्या.

"मंग?"

"पास झाला की जाईल ना गं तो. वाटलं, ऱ्हाऊ दे अजून थोडे दिस."

अशा बाईवर चिडायचं तरी कसं? मी एवढंच म्हणाले, "या वेळी हुकलं तर त्यांचे मागचे सगळे पेपर वाया जातील हो."

"ते बी सांगितलंय त्यानं," त्या म्हणाल्या आणि पुढचं सूप भरून घेतलं.

दुसऱ्या खेपेला मी ठरवलं होतं की दाराला कडी लावून आपणच बसायचं. जाऊन बघते तर सासूबाई आधीच तिथे, हातात काठी घेऊन! मला म्हणाल्या, "तू तुव्हं काम कर जाय." मामंजींना त्यांच्या खोकल्यासकट आणि दोन्ही शेळ्यांसकट शेतात धाडलेलं. कुकर लावायला मनाई. गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवत भंगारवाला आला, तर या वयाची बाई अनवाणी धावत गेली आणि त्याला परत फिरवून आली. दारासमोर बसून राहिल्या, पाणीसुद्धा मागितलं नाही. त्या दाराकडे बघताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मीच नजर वळवली.

दार उघडलं. निकाल तिथल्या तिथे पडद्यावर आला होता. "आई, सुटला! सुटला पेपर!" एवढा वेळ गप्प बसलेली गल्ली एकदम ओरडली. आमचे हे पेढे आणायला गाडी काढून सुटले. मी हसतही होते, रडतही होते. सासूबाई तेवढ्या जागच्या उठल्या नाहीत.

"तिकडं थंडी लई अस्ती का रं?" त्यांनी विचारलं.

"थंडी? अगं आई, छपरावर कमरेएवढा बर्फ साचतो!" आणि भाऊजी सुरू झाले. छपराचा उतार, बर्फाचं वजन, ओल्या बर्फाचं वेगळं, कोरड्याचं वेगळं. मी सवयीने तोंड उघडलं, तर सासूबाईंनी माझा हात दाबला. सगळं सांगून झालं, सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा भाऊजी थांबले. "एवढंच आहे, आई."

"थांबू नको," सासूबाई म्हणाल्या. "अजून सांग."

भाऊजींनी आईकडे पाहिलं. मग तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.